दहावा पुरुष

२०२३ सालची गोष्ट. इस्रायलमध्ये लढाई पेटली आणि तिथल्या सैन्यात असलेला माझा नातू एलियाहू आघाडीवर गेला. जबलपुरात आमचं सिनेगॉग नाही, म्हणून शांततेची प्रार्थना चेरीतालच्या आमच्या घरीच ठेवली. आम्हा यहुद्यांत दहा पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना होत नाही. एके काळी सणाला आमच्या ओसरीवर माणूस मावत नसे. मग बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. आता नागपूरहून दोघांना बोलावलं, तरी नऊच भरले. दहावा यायचा होता माझा मुलगा शिमशोन, एलियाहूचा बाप.

"पोरासाठी प्रार्थना, अन् बापच गायब! काहून येऊन नाही राहिला तो?" रूबेनभाऊजी चिडले.

मी शिमशोनच्या कारखान्यात फोन लावला.

"आई, ओव्हरटाइम लागला," शिमशोन म्हणाला. "तोफगोळ्यांची बाहेरची ऑर्डर आहे. तिकडे लढाई चालू आहे न, साहेब कोणालाच सोडून नाही राहिले."

नागपूरकरांच्या गाडीची वेळ झाली. दिवा जळत राहिला आणि सगळे उठले.

पुढच्याच महिन्यात एलियाहू लढाईत मारला गेला. रूबेनभाऊजी आता भोपाळला मुलीकडे असतात. शिमशोन अजून त्याच कारखान्यात आहे. काद्दीश, म्हणजे मेलेल्यासाठीची प्रार्थना, आम्ही त्याच ओसरीवर केली. तिलाही दहा पुरुष लागतात.

 

काद्दीशच्या दिवशी साहेबांनी शिमशोनला न मागता सुट्टी दिली.