केवळबाईंचं बोट

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला, तसा मुकादम दारात येऊन बसला. "मावशी, हंगाम संपेस्तोवर सुनेच्या दंडातली कळ लावूनच ठेवा. पोटुशी बाई कोयता काय चालवणार?"

केवळबाईंनी तरुणपणी अशाच एका मुकादमाच्या शब्दावर पिशवी काढून टाकली होती. ती काही परत बसवता येत नाही. सुनेच्या, प्रणालीच्या दंडात मात्र कातडीखाली तांदळाएवढी कळ होती. नोंदवलेलं बोट ठेवलं की मूल राहायचं थांबायचं, पुन्हा ठेवलं की वाट मोकळी.

"ती कळ माझं बोट ओळखत नाही," केवळबाई म्हणाल्या.

"मग सासू कसल्या तुम्ही?"

केवळबाई ताठ बसल्या. "कळ बसवताना डॉक्टर सासूचंही बोट नोंदवून घेत होते. मी हात पदराखाली घेतला. तसली सासू आहे मी."