वाकळीचा घास

गुरम्मानं वाकळीवर शेवटचं ठिगळ बसवलं, त्याखाली भाकरीचा नखाएवढा तुकडा सारला आणि वरून भराभर टाके घातले.

समोर बसलेली गल्लीतली शिवकांता पुढं सरकली. "अव्वा, घास घालू नका म्हणून कितींदा सांगितलं तुमाला!"

"मग काय उपाशी धाडू?" म्हातारीनं सुई पदराला टोचली. "उपाशी वाकळ ऊब देत न्हाई. माज्या सासूनं शिकवलंय मला. उद्या कुणाचं लेकरू कुडकुडलं तर नाव कुणाचं निघंल?"

झालं! आता हिला कोण समजावणार?

पुण्याच्या एका दुकानवाल्या बाईंनी उदगीरच्या या बायकांच्या वाकळी विकायचं मनावर घेतलं होतं. बाई स्वभावानं लाख. घासाची गोष्ट ऐकून तर त्या हरखूनच गेल्या. वाकळीला बांधायला जाड कागदाची सुरेख चिठ्ठी त्यांनी छापून घेतली, तिच्यावर हीच गोष्ट. घास मात्र नको म्हणाल्या. पहिल्या वाकळीला दुकानात मुंग्या लागल्या होत्या. ही दुसरी. हिच्यातही काही निघालं की काम बंद, आणि गल्लीतल्या सगळ्याजणी परत रोजानं सोयाबीन काढायला. बाईंना गल्लीत आणलं होतं शिवकांतानं, त्यामुळं शिव्याही तिलाच खायच्या होत्या.

बाहेर पार्सलवाल्यानं हॉर्न वाजवला.

"लई घाई बाई याला! थांब म्हनाव, चहा टाकते," म्हणत गुरम्मा आत गेली.

शिवकांतानं इकडंतिकडं बघितलं. दातानं टाका तोडला, बोट घालून घास बाहेर ओढला आणि ठिगळ होतं तसं शिवून टाकलं. घाईत टाके वाकडेतिकडे पडले. वरून तिनं बाईंची चिठ्ठी बांधली. 'या वाकळीच्या पोटात मायेनं ठेवलेला भाकरीचा घास आहे.' वाकळ पिशवीत घालून तिनं पार्सलवाल्याच्या हवाली केली. त्याला चहाला थांबायला सवड नव्हती.

घास मुठीतच राहिला. आता हा टाकायचा कुठं? अंगणात टाकावा तर म्हातारीच्या नजरेला पडणार. चुलीत घालावा तर ते अन्न. आतून भांड्यांचा आवाज आला तशी तिनं तो पटकन तोंडात टाकला. भाकरीला दोरा चिकटला होता. शिवकांताला स्वतःचीच लाज वाटली.

गुरम्मा कपबश्या घेऊन बाहेर आली. वाकळीची रिकामी जागा बघून तिचा चेहरा खुलला.

"गेली का? बरं झालं. जेवून गेली बिचारी." मग ती शिवकांताकडं वळली. "आन् तू गं? सकाळपासून पोटात काय घातलंस का न्हाई?"

घास अजून शिवकांताच्या तोंडातच होता. तिनं नुसती होकारार्थी मान हलवली.