पुढचा थांबा

नवस बोलली बायको आणि वाट लागली ड्रायव्हरच्या पायांची. आज नववा दिवस. डावीकडे समुद्र, उजवीकडे डांबरी रस्ता आणि मधल्या वाळूत हे दोघं. एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला शेजारून रिकामी बस गेलेली बघवत नाही, आणि सकाळपासून अशा चार गेल्या होत्या.

"अकरा किलोमीटर राहिलेत मुक्कामाला," तो म्हणाला. "आता येईल तिच्यात बसू. देव काय किलोमीटर मोजत बसलाय?"

"तुमच्या ऑपरेशनच्या वेळी मी बोलले होते, हा माणूस वाचला तर सगळा किनारा स्वतःच्या पायांनी चालेल," बायको म्हणाली. "मोडायचं असेल तर मोडा. मी काय बोलणार?"

एरवी भांडताना तिचा आवाज चढायचा. आज चढला नाही, म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. रोज "चला, चला" करत पुढे असणारी बाई दहा पावलं मागे राहिली होती. उजवी टाच वर धरून चालत होती.

"बूट काढ."

"काही झालेलं नाही."

"काढ म्हणतो ना."

मोजा टाचेला चिकटला होता. तो सोडवताना तिने त्याचा खांदा घट्ट धरला, पण हूं की चूं केलं नाही. टाचेचं सालटं निघालं होतं, आणि ते काही आजचं नव्हतं. म्हणजे तीन दिवस हा कुरकुरत होता आणि ती रोज संध्याकाळी याच्या गुडघ्यांना तेल चोळत होती.

"बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्हाला निमित्तच मिळालं असतं."

तेवढ्यात पाचवी बस दिसली. थांबा समोरच होता. त्याने हात केला, तिला दंडाला धरून आत चढवलं, पाठोपाठ पिशवी दिली. ती मुकाट्याने खिडकीशी सरकली आणि शेजारी त्याच्यासाठी जागा केली. नऊ दिवसांत ती पहिल्यांदा हरली होती. ते काही त्याला बघवेना. तो खालीच उभा राहिला.

"नवस माझ्या पायांचा आहे ना? मग तुझे कशाला झिजवतेस? तू जा. मी येतो चालत."

"तुम्ही?" ती म्हणाली. "पहिली गाडी दिसली की बसाल."

"नाही बसणार."

बस गेली. एकट्याने चालणं फार जड गेलं. वाळूत पाय रुतत होते, वारा समोरून ढकलत होता, मांड्या भरून आल्या होत्या. एक टेम्पोवाला थांबलासुद्धा. "काका, सोडू का पुढे?" हो अगदी जिभेवर आलं होतं. बसला असता तर तिला कधीच कळलं नसतं, आणि नेमकं म्हणूनच त्याला बसवेना. नको म्हणून मान हलवून तो निघाला.

तीन किलोमीटरवर दुसरा थांबा लागला. बाकावर कोणी बाई एक अनवाणी पाय वर घेऊन बसली होती. जवळ गेल्यावर बघतो तर बायको.

"उतरलीस कशाला?" तो तिच्याशेजारी धपकन बसला. "एवढाही भरवसा नाही माझ्यावर?"

"तसं नाही हो." तिने पाण्याची बाटली पुढे केली. "ऑपरेशनच्या दिवशी अशीच बाकावर बसले होते. सात तास, त्या बंद दाराकडे बघत. आज निदान तुम्ही येताना दिसत होतात."

तो पाणी प्यायला. सहावी बस आली तेव्हा त्याने तिला पुन्हा दंडाला धरून चढवलं आणि कंडक्टरला सांगितलं, "हिला पुढच्याच थांब्यावर उतरवा."