अकराची फेरी

लेखकाच्या घरासमोर पोचताच गाईडनं गळ्यातला स्पीकर बंद केला आणि मागे वळून ओठांवर बोट ठेवलं.

"आता जरा हळू," तो कुजबुजला. "वरच्या मजल्यावर बाळ झोपलंय."

तीसेक माणसं एकदम चवड्यांवर आली. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, हातात नकाशे. जुन्या छापखान्यापाशी, पुस्तकांच्या दुकानांपाशी मघापर्यंत कलकलाट करणारी ही माणसं आता रस्त्याच्या दगडांना लागेल की काय अशा बेतानं पावलं टाकत होती.

वरच्या खिडकीत बाळाची आई उभी होती.

पाच महिन्यांपूर्वी याच खिडकीतून ती गाईडशी भांडली होती. "अहो, तुमचा लेखक जाऊन शंभर वर्षं झाली, तो काही उठायचा नाही. माझी पोर उठते! दीड तास मांडीवर हलवलं तेव्हा कुठं डोळा लागलाय तिचा." सगळी गल्ली हसली होती. गाईडसुद्धा. तेव्हापासून अकराच्या फेरीला तो इथं स्पीकर बंद करायचा.

मुलगी जाऊन आज एकोणीस दिवस झाले होते. ताप आला, उतरला, पुन्हा चढला. दवाखान्यातून ती आणि नवरा, दोघंच परत आली. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. गाईड राहायचा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

"सांगून टाक बाई त्याला," मागून तिची आई म्हणाली. ती झबली-दुपटी पिशवीत भरत होती. "भला माणूस आहे. रोज एवढ्या लोकांना गप्प करतोय बिचारा."

"सांगितलं की तो मोठ्यानं बोलायला लागेल, आई."

आईचा हात पिशवीतच राहिला.

खाली गाईड सांगत होता. या खोलीत लेखकानं अकरा वर्षं काढली, एका कादंबरीचा शेवट सात वेळा फाडून टाकला. नीट ऐकू यावं म्हणून माणसं डोक्याला डोकं लावून उभी होती, एका घरातली असावीत तशी.

तेवढ्यात कुणाचा तरी फोन खणाणला.

"शूऽऽ!" सगळे त्या गृहस्थांकडे वळले. त्यांना बटण सापडेना. त्यांनी फोन पोटाशी दाबला, वरून टोपी धरली. कसाबसा आवाज थांबला, तेव्हा ओशाळून त्यांनी वर पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं, श्वास रोखून. गाईडनं भुवया उंचावून विचारलं, उठली?

तिनं एकदा मागे वळून खोलीत पाहिलं. मग हळूच मान हलवली. नाही.

खाली तीस जणांचा जीव भांड्यात पडला.