अडकणारा खण

नूरजहाँबींनी एक पाय कपाटाला लावला, दोन्ही हातांनी खणाची मूठ धरली आणि जीव खाऊन ओढली. खण हलला नाही. आत मसाल्याचे डबे, गॅसवर तेल तापलेलं आणि दोन्हींच्या मध्ये जस्मीनने केलेला हा सागवानी खण.

"बास झालं," त्या म्हणाल्या. "लवळ्याच्या कोंडिबा सुताराला बोलावलाय मी. आज येतुया. त्या पोरीला आता पुन्यांदा बोलवायचं न्हाई."

वाजिदच्या हातातला चहा बशीत सांडला. आईला वाटलं, चहा गरम असेल.

गोष्ट साधी होती. पौडच्या एसटी स्टँडसमोर वाजिदचं किराणा दुकान. घरात नवं स्वयंपाकघर करायचं ठरलं, तेव्हा जो तो चांद्याच्या हाफीज मिस्त्रींचंच नाव सांगू लागला. मिस्त्रींची कंबर धरलेली, म्हणून त्यांची लेक जस्मीन आली. कानाला पेन्सिल, हातात टेप, ओढणी कमरेला खोचलेली. तिने भिंतीचं माप घेतलं आणि वाजिद तिथल्या तिथे कामातून गेला. पण बोलणार कसा? गिऱ्हाइकांशी दिवसभर बडबडणारा हा गडी तिच्यासमोर 'चहा घेणार का?' एवढंच म्हणायचा, तेही तिचा चहा पिऊन झाल्यावर.

नशिबाने तिचं काम बिघडत होतं. कधी खण अडकायचा, कधी फळी कुरकुरायची. मग ती दुरुस्तीला यायची, ओट्याखाली अर्धी शिरायची आणि घर लाकडाच्या भुशाच्या वासाने भरून जायचं. एकदा बरेच दिवस काहीच बिघडेना, तेव्हा वाजिदने स्वतःच वरच्या कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू ढिला करून ठेवला होता. प्रेमात माणूस काय करील याचा नेम नाही. आता कोंडिबा काम धरणार, म्हणजे जस्मीनचं येणं संपलं. आणि याने तर अजून चहापुढे मजल मारली नव्हती.

"मुळशीची हवा ओली हाय, चाची. लाकूड फुगतं," असं जस्मीन दर वेळी सांगायची.

"नाचता येईना अंगण वाकडं," ती गेल्यावर नूरजहाँबी म्हणायच्या. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. लवळ्याच्या हॉस्टेलात जस्मीनने केलेली कपाटं पोरं लाथेने लावत, तरी ती ठणठणीत. फ्लॅटवाल्यांकडेही तिच्या कामाचं कौतुकच ऐकू येई. मग मुळशीची ओली हवा काय आमच्याच घरात शिरते? आपण साधी माणसं, म्हणून ही पोरगी कसंही उरकते, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

कोंडिबा आले, चप्पल काढली, चष्मा चढवला. आधी वरच्या कपाटाचं दार हलवून बघितलं.

"हितला स्क्रू कुणीतरी ढिला केलेला व्हता," ते म्हणाले. "भाजीच्या सुरीनं. पार खाच बिघडवलीय. मागनं कुणीतरी नीट आवळलाय."

वाजिद घाईघाईने खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखी फक्त एक म्हैस होती. स्क्रू आवळला होता जस्मीनने. म्हणजे तिला सुरीचं कळलं होतं, आणि तरी ती एका शब्दाने बोलली नव्हती. त्याचे कान तापले.

कोंडिबांनी खण हळूहळू खेळवत बाहेर काढला, डबे उतरवले आणि तो जमिनीवर पालथा घातला. बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले. मग गालातल्या गालात हसले.

"नवा करा," नूरजहाँबी म्हणाल्या. "चांगला मजबूत."

"ह्याच्यापरीस चांगला मला जमायचा न्हाई, भाभी. हा जोड बघा, केस जायचा न्हाई त्यातनं." त्यांनी खणाच्या तळाशी बोट लावलं. आत, सहज हात पोचणार नाही अशा जागी, लाकडाची एक बारीक पाचर होती. "आन ही बघा. आदी थोडं दिस खण लोण्यावानी चालतुया. मग ही सरकती आन त्याला अडवती. फळीखालीबी अशीच हाय."

"म्हंजी कामात खोट हाय ना?"

"खोट चुकून ऱ्हाती, भाभी. ही जीव लावून बसवलीय. आमच्या धंद्यात केलेल्या कामावर परत बोलावणं आलं, तर मान खाली जाती. ह्या कारागिराला तुमच्याकडनं बोलावणंच पायजे व्हतं."

नूरजहाँबींनी पाचरीकडे बघितलं. मग मुलाकडे बघितलं. वाजिद उभ्या जागी फुलला होता. त्याला इतका आनंद झाला की उडी मारावीशी वाटली, आणि एवढ्या बाप्याने ती खरोखरच मारली. डोकं वरच्या कपाटावर आपटलं. कपाट जागचं हललं नाही. डोकं चोळत तो वेड्यासारखा हसत राहिला. नूरजहाँबींनाही हसू आवरेना, पण त्यांनी ते कसंबसं दाबलं आणि गॅस बंद केला.

"कोंडिबाभाऊ, ती पाचर हाय तितंच ऱ्हाऊ द्या. खण जसा व्हता तसा घाला," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "आन तू फोन लाव तिला. खण अडकलाय म्हण. ह्या बारीला दुरुस्तीला येताना अम्मी-अब्बांनाबी संगं घेऊन ये म्हणावं."