साहेबांचा सकाळचा फोन

"मशीन बसलं, आता माणसांचं काय?" भैरूनं हा सवाल सकाळधरनं चहावाल्याला, वॉचमनला, ट्रेलरच्या ड्रायव्हरला, समद्यांला विचारला. साहेबांला विचारायची मात्र त्याची छाती झाली न्हाई.

कारेगावच्या कडंला सरकारी तपासणीचं गोडाऊन व्हतं. परदेशातलं खाणं कंटेनरात भरून हितं यायचं. नमुना काढायचा, साहेबांची सही झाली की माल बाजारात. भैरू तिथं ठेक्यावरचा शिपाई. आज त्याच्या बाकड्याच्या जागी कपाटाएवढं मशीन उभं व्हतं. नमुना आत टाकला की आपलं आपण तपासतंय, हिरवा न्हाईतर लाल दिवा लावतंय. दौंडकडच्या एका गोडाऊनात असंच मशीन आलं, आन् तिथली समदी माणसं घरी गेली. भैरूचा ल्योक रविराज कंपनीतनं निघून आधीच घरात बसलेला. आता ही बी नोकरी गेली तर नातीची, हर्षदाची शाळा सुटणार व्हती.

"काय भैरूमामा, तोंड का पाडलंय?" मशीन बसवायला पुण्याहून आलेल्या ऋतिकानं विचारलं.

"तुमचं मशीन चहा आणतं का, ताई?"

"नाही हो."

"मग मी हाय अजून."

ऋतिका खळखळून हसली. ती हसली तसा भैरू बी खुलला, म्हणाला, "आमच्या बापजाद्यांकडं बी मशीन व्हतं बरं का. मेंढरं घेऊन नव्या रानात गेलं, की कळप एकदम सोडायचा न्हाई. कुठं काय इखारी पाला असंल, कुणाला ठावं? आधी एक म्हातारी मेंढी सोडायची. सकाळी मेंढी उठली, की कळप सोडायचा."

"आणि नाही उठली तर?"

"तर रान बदलायचं."

"लाल दिवा!" ऋतिका म्हणाली. भैरू बी हसला. नोकरीला लागला तवा साहेबांला त्यानं हीच गोष्ट सांगितली व्हती. ते बी असंच पोट धरून हसले व्हते.

साहेबांचं नाव लांबवर. लोक म्हणायचे, तिकडं बंदराला जहाज लागतंय, आन् हितं साहेबांच्या नाकाला वास येतोय. लॅबचा कागद महिन्यानं यायचा, साहेब दुसऱ्या दिवशी सकाळीच सही करून मोकळे. कवा चुकले न्हाईत.

भैरूला त्यांच्या नाकाचं कौतुक न्हवतं, काळजाचं व्हतं. एवढा मोठा माणूस, पण भैरूच्या आईला, अनसाबाईला, कवा इसरला न्हाई. उरलेल्या नमुन्यातलं कायबाय बांधून द्यायचाच. "म्हातारीला दे रे. दुनिया खाऊ दे तिला." खजूर, बदाम, कसलं कसलं चीज. दात नसलेली अनसाबाई ओट्यावर चोखत बसायची आन् गावच्या, न्हावऱ्याच्या बायांला सांगायची, "तुम्ही शिरूरच्या फुडं गेला न्हाई. माझ्या पोटात समदी दुनिया फिरून आली." डब्यातला मासा तर तिचा जीव की प्राण.

आन् दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला साहेबांचा फोन. "भैरू, आई उठली का?"

सख्खी लेकरं इतकी चौकशी करीत न्हाईत.

मागच्या शिमग्याला अनसाबाई पोटभर जेवून निजली, ती सकाळी उठली न्हाई. डॉक्टर म्हणाले, वय झालं. फोन आला तवा भैरूला हुंदकाच आवरंना. साहेबांनी फोन ठेवला. मग मातीला आले, डोळं पुसत उभे राहिले. आन् त्याच दुपारी हापिसात जाऊन माशाच्या डब्यांचा अख्खा कंटेनर त्यांनी माघारी धाडला. पेपरात फोटो आला. गाव म्हणालं, एवढ्या दुःखात बी माणूस कामाला चुकला न्हाई.

पण तवापासनं साहेबांचं चित्त उडालं. सही करायची लांबवायचे. त्यांनीच वर लिहून हे मशीन मागवलं. खाऊ बंद झाला, सकाळचा फोन बंद झाला. आई तर गेलीच, आन् तिची इचारपूस करणारं माणूस बी गेलं, असं भैरूला वाटायचं. घर खायला उठायचं.

दुपारी नेट गेलं. मशीन मुकं झालं. ना हिरवा, ना लाल. बाहेर ट्रेलरची रांग लागली, व्यापाऱ्यांचे फोनावर फोन.

"नेट आल्याशिवाय हे काही बोलणार नाही, सर," ऋतिका म्हणाली.

साहेब येरझाऱ्या घालत व्हते. घालता घालता थांबले. भैरूकडं बघत राहिले. मग जवळ येऊन त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. किती दिसांनी!

"भैरू, घाबरू नकोस. तुला मी काढू देणार नाही. मशीन बंद पडलं तर घरचं माणूस लागतंच."

भैरू पाया पडायला वाकला.

"अरे, उठ. नात काय म्हणते तुझी? हा बिस्किटांचा डबा ने तिला. आजच दे."

एसटीत भैरूनं डबा मांडीवर धरला, जसा काय देवाचा प्रसाद. घरी हर्षदानं तो उघडला आन् पार तळ दिसंस्तवर खाल्ला. भैरूनं एक बी तोंडात टाकलं न्हाई. पोरीचा घास कशाला मोडायचा?

तांबडं फुटलं आन् फोन वाजला.

"भैरू, हर्षदा उठली का?"

पोरगी अंगणात आईकडनं वेणी घालून घेत व्हती, आन् वेणी ओढली म्हणून भांडत व्हती. भैरूचं डोळं भरून आलं. म्हातारी गेल्यापासनं पहिल्यांदाच कुणी असं इचारलं व्हतं.

"उठली, साहेब! ठणठणीत हाय. दुसरा डबा मागतीय."

"बरं वाटलं ऐकून," साहेब म्हणाले.

फोन बंद करायचं त्यांच्या ध्यानात राहिलं न्हाई. भैरूनं बी कानाचा काढला न्हाई, त्या आवाजानंच त्याला बरं वाटत व्हतं. तिकडं गोडाऊनाच्या फाटकावरल्या वॉचमनला साहेबांनी मोठ्यानं हाळी दिली,

"कोकरू उठलं रे! सोडा कंटेनर!"