हद्दीतलं जेवण

सिग्नल गेला आणि केबिनीकेबिनीतून एकाच वेळी शिव्या बाहेर पडल्या. मायोरनं आदोबोच्या मटणाखालची आच बारीक केली आणि कराओकेच्या मशीनवरची धूळ पुसली.

मायोर म्हणजे जहाजाचा आचारी. खरं नाव एलपिदियो, पण ते फक्त त्याच्या बायकोला लागायचं, आणि ती आता नव्हती.

डोलकाठीवर उपग्रहाच्या इंटरनेटची नवी तबकडी बसली तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या त्यानंच वाजवल्या होत्या. पोरांना रोज घरची तोंडं दिसतील, म्हणून. दिसली. पोरं ताटं उचलून केबिनीत जाऊ लागली आणि फोनवर तिकडं फिलिपिन्समधल्या, इलोइलोतल्या आपापल्या बायकांसमोर बसून जेवू लागली. मायोरला फोन लावायला कुणीच नव्हतं. आभाळात हजारो उपग्रह धावत होते आणि सगळे मिळून त्याची मेस रिकामी करत होते.

एकच आशा होती. वाटेत एका देशाची हद्द लागे. तिथल्या सरकारनं या उपग्रहांना परवाना दिला नव्हता. समुद्राला कुंपण नसलं तरी परवाना लागतोच. हद्द ओलांडेपर्यंत तबकडी बंद. मायोर त्या सरकारसाठी रोज प्रार्थना करी. स्वतःच्या सरकारसाठी त्यानं एवढं कधी केलं नव्हतं.

इंजिनावरचा रोमुलो पाय आपटत आत आला. "तुझं बरंय, मायोर! तिकडं माझ्या पोरीला पहिला दात आलाय, आणि इथं बोंब!"

"दात कुठं पळून जातोय? भात घे. पहिलं गाणं तुझं."

रोमुलो आधी रुसून गायला, मग हसून. एकेक जण येत गेला. बाकं भरली. कुणीतरी सूर सोडला, सगळ्यांनी मिळून त्याची खेचली.

मायोर भात आणायला स्वयंपाकघरात गेला, तर तिथं कॅप्टन उभा. हा माणूस वर एकटाच जेवायचा. हुद्द्याचा मान म्हणून ताट वर जाई, आणि अर्धं परत येई.

"उद्या हद्द संपली की पुन्हा सगळं सामसूम," मायोर म्हणाला. "देवानं या सरकारला असंच आळशी ठेवावं, कॅप्टन."

"परवाना त्यांनी मागच्याच महिन्यात दिलाय," कॅप्टन हळू आवाजात म्हणाला. "तबकडीचं बटण माझ्या केबिनीत आहे."

मायोरचा डाव भातातच थांबला.

कॅप्टननं टोपी काढली. "मी... पोरांत बसलो तर चालेल?"